कडी बाहेरून

हेलन अमोलिक मॅडमना एक खोड होती, आणि ती अख्ख्या कॉलेजला ठाऊक होती. पोरांना घाबरवायचं. छडीबिडी नव्हे हो, छडीचा जमाना गेला. बारावीच्या मराठीच्या तासाला खिडक्या लावून घ्यायच्या, पंखा बंद करायचा आणि हळू आवाजात म्हणायचं, "समजा, एक घर आहे. त्या घरात एक दार आहे. ते दार कोणी उघडत नाही." बास! मागच्या बाकावरचे टगेसुद्धा चिडीचूप. श्रीरामपूरच्या त्या कॉलेजात एवढी शांतता परीक्षेलाही नसायची.

भयकथा म्हणजे बाईंचा जीव की प्राण. "भूत दाखवलंत की भीती संपली," त्या सांगायच्या. "भूत नको. रिकामा झोपाळा हलता दाखवा. चपलांच्या जोडातली एकच चप्पल दाखवा. तुम्ही गप्प बसा, वस्तूंना बोलू द्या. आणि सगळं भडाभडा सांगून मोकळे होऊ नका. झाकली मूठ सव्वा लाखाची!" पोरं वहीत लिहून घ्यायची. वीस वर्षं हा तास चालला होता, आणि बाईंना त्याचा अभिमान होता. अभिमान असावा, माझं काही म्हणणं नाही. पण माणसाला ज्याचा अभिमान असतो ना, तिथंच ते ठेचकाळतं.

तर जानेवारी संपत आला होता. बारावीची हॉलटिकिटं आली होती आणि मंगळवारी सकाळपासून बाई ती वाटत होत्या. वाटून झाली, एक उरलं. रुपाली छगन गागरे. फोटोत दोन वेण्या, कपाळावर बारीक टिकली, डोळे फोटोग्राफरवर रागावलेले.

"गागरे कुठं आहे?" बाईंनी वर्गात विचारलं.

"मॅडम, ती आठ दिवस झाले येतच नाही," तिच्या गावाकडची एक पोरगी उठून म्हणाली. "पण ही वही दिलीय तुम्हाला द्यायला. सकाळी रस्त्यात तिची वहिनी भेटली हुती, तिनं दिली."

वही पाहिल्याबरोबर बाईंना आठवलं. आठवणारच. त्या वहीतली गोष्ट त्यांनी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवली होती.

झालं होतं असं. मागच्याच्या आदल्या शनिवारी आणून द्यायची म्हणून बाईंनी वर्गाला घरून गोष्ट लिहायला सांगितली होती. अट एकच, भीती वाटली पाहिजे, पण भीतीचं नाव घ्यायचं नाही. पंचावन्न पोरांनी स्मशान, पिंपळ आणि पांढरी साडी लिहून आणली. रुपालीनं एवढंच लिहिलं होतं:

"आमच्या घराभोवती चारी बाजूंनी ऊस आहे. उसात बिबट्या आहे. त्याच्यासाठी पिंजरा लावला आहे आणि पिंजऱ्यात शेळी बांधली आहे. शेळीला वाटतं, पिंजरा तिला जपायला आणलाय. घरात एक खोली आहे. त्या खोलीत वहिनी असते. खोलीची कडी बाहेरून आहे. वहिनीच्या हातात बारा बांगड्या आहेत. ती रोज एक फोडते. बाराव्या दिवशी पाहुणे येणार. सगळे उसाकडे बघतात. दाराकडे कोणीच बघत नाही. पण बांगड्या संपायच्या आत एक बाई येतात आणि कडी काढतात."

बाई हरखल्या होत्या. ऊस म्हणजे समाज, बिबट्या म्हणजे भय, शेळी म्हणजे बाईचा जन्म, बांगड्या म्हणजे सरत चाललेलं आयुष्य! काय प्रतीकं, काय रहस्य! स्टाफरूममधले भूगोलाचे सरसुद्धा चहा थांबवून "वा" म्हणाले. बाईंनी लाल पेननं दहापैकी नऊ मार्क दिले, आणि एक मार्क का कापला तेही लिहिलं: "प्रतीकं उत्तम. शेवट मात्र कृत्रिम. असं आयतं कोणी येत नसतं. दार उघडण्याआधी गोष्ट थांबव." सोमवारी रुपाली वही घेऊन गेली. बाईंना अंधूक आठवलं, शेरा वाचून ती पोरगी जागेवरच उभी राहिली होती. तेव्हा त्यांना वाटलं, मार्क कापला म्हणून खट्टू झाली असेल.

आता स्टाफरूममध्ये बसून बाईंनी वही उघडली, तर पानातून काहीतरी टेबलावर पडलं. हिरव्या बांगडीचा तुकडा. पुढच्या पानावर तीच गोष्ट पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती, फक्त शेवटचं वाक्य नव्हतं. त्याच्या जागी घाईघाईनं लिहिलं होतं:

"मॅडम, तुम्ही सांगितला तसा शेवट काढला. आता कोणी येत नाही. दोन राहिल्या."

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या अंगावर काटा आणणारी बाई ही! त्यांनी बोटांवर दिवस मोजले. शनिवारी बारा. रविवारी एक गेली, सोमवारी दुसरी... मंगळवार, म्हणजे आज, दहावी. उद्या अकरावी, परवा गुरुवारी बारावी. परवा पाहुणे येणार होते. कसले पाहुणे? त्या वहिनीला कुठं नेणार होते? आणि ही पोरगी कॉलेजला का येत नव्हती? सगळं बघणारी, लिहून ठेवणारी पोरगी, तिलाही गप्प बसवलं होतं की काय?

"छे, गोष्ट आहे ती," बाई स्वतःशीच पुटपुटल्या. चहा मागवला, तो तसाच निवला. पेपर तपासायला घेतला, एकच ओळ चारदा वाचली. शेवटी त्यांनी शिपाई कानिफनाथला हाक मारली. कानिफनाथ त्याच बाजूचा, त्याला इकडची काडी तिकडं झालेलीही कळायची.

"कानिफनाथ, गागरे वस्ती माहीत आहे का? त्यांच्याकडे सून आहे?"

"हाय की. ज्ञानेश्वरी. लई गरीब स्वभावाची." त्यानं बाईंच्या हातातली स्कूटीची चावी पाहिली. "तुमी निघालात का काय तिकडं? एकट्या जाऊ नका मॅडम. परवा पाटाच्या कडंला बिबट्यानं कुत्रं उचललंय. आमी गडीमाणसं बी दिवस हाय तवर घर गाठतो."

"हॉलटिकीट द्यायचंय," बाई म्हणाल्या. "सही तिचीच लागते."

तीन वाजता त्या निघाल्या. नेवासा रोडनं बारा किलोमीटर, मग डावीकडे पाटाच्या कडेची कच्ची वाट. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती, कारखान्याच्या मळीचा वास होता, माणसं होती. पाटावर वळल्या आणि सगळं एकदम मागं राहिलं. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच ऊस. वारा पडलेला, तरी आत कुठंतरी पाचट करकरायचं. बाईंनी स्कूटी जोरात पळवली. मग वाटलं, जोरात पळवली तर पडू, आणि पडलो तर... मग हळू केली. हळू केल्यावर पाचटाचा आवाज जास्तच ऐकू यायला लागला. एकदा तर काहीतरी सरसरत गेलं आणि बाईंच्या तोंडून "येशू, येशू" बाहेर पडलं. उसातून एक डुक्कर निघालं, बाईंकडं तुच्छतेनं बघितलं आणि वाट ओलांडून गेलं. एरवी असतं तर बाई हसल्या असत्या.

वळणावर पिंजरा दिसला.

लोखंडी, वनखात्याचा, अर्धा पाचटानं झाकलेला. झडप तारेनं वर ओढलेली. आत एक करडी शेळी निवांत पाला खात उभी होती. बाईंनी स्कूटी थांबवली आणि बघतच राहिल्या. शेळीनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं, ओळखीचं माणूस आल्यासारखं, आणि पुन्हा पाल्याला लागली. शेळी होती. पिंजरा होता. ऊस चारी बाजूंनी होता. पोरीनं प्रतीक म्हणून काही लिहिलंच नव्हतं, जे दिसत होतं ते लिहिलं होतं.

पुढं शंभर पावलांवर वस्ती. पत्र्याचं लांबट घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडलेले. आता त्या खोलीतून रडण्याचा आवाज येणार, काहीतरी होणार, अशा तयारीनं त्या अंगणात उतरल्या.

आणि काय झालं? तर एक बाई कडेवर पोर घेऊन हसत समोर आली.

"या की मॅडम! मी ज्ञानेश्वरी, रुपालीची वहिनी. सासूबाई, कॉलेजच्या मॅडम आल्यात!"

धडधाकट. मोकळी. हात दोन्ही बांगड्यांनी भरलेले, कोपरापर्यंत किणकिणत होते. बाईंना तिथल्या तिथं रडू यायचंच बाकी राहिलं. म्हणजे वहिनी बरी होती! कोंडलेली नव्हती, मारलेली नव्हती. साठलेल्या भीतीचा सगळा फुगा फुटला आणि बाईंना स्वतःचाच राग आला. अगं बाई, पोरीनं गोष्ट लिहिली, चांगली लिहिली, आणि तू पंचेचाळीस वर्षांची घोडी डुकराला घाबरत इथवर आलीस!

रुपालीची आई गोजरबाई पदर सावरत बाहेर आली. खुर्ची आली, पाण्याचा तांब्या आला. "रुपाली न्हाई ना घरात," गोजरबाई म्हणाली. "शिर्डीला मावशीकडं गेलीय, कापडं घ्यायला. गुरुवारी साखरपुडा हाय तिचा."

"साखरपुडा? अहो, ती सतरा वर्षांची आहे!"

"निस्ता साखरपुडाच, बाई. लगीन बारावी झाल्यावर, अठरा पुरं झाल्यावर. आमाला काय कळत न्हाई व्हय? पोराकडची चांगली मानसं हायेत, म्हनून बोलून ठिवायचं." ती मांडवाच्या बांबूंकडं बघत म्हणाली, "तुमी बी या की. तुमच्याच हातानं साखर द्या तिला."

तर पाहुणे हे होते! बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. पोरीला लग्न नको असेल, म्हणून रुसली असेल, वहिनीच्या नावानं काहीतरी रचलं असेल. हे बरं नव्हतं, बोलायला हवं होतं, पण साखरपुडाच होता ना. परीक्षेनंतर येऊन घरच्यांना समजावता येईल. ज्ञानेश्वरी चहा घेऊन आली. कप ठेवताना ती सासूकडं बघत होती, चहा बशीत सांडला.

"सांभाळून गं," गोजरबाई म्हणाली.

बाई चहा पीत इकडं तिकडं बघत होत्या. तीन दारं होती घराला. स्वयंपाकघराचं उघडं. मधल्या खोलीचं सताड उघडं. आणि टोकाचं, उसाला लागून असलेलं, बंद. त्याच्या कडीत एक लाकडी खुंटी खोचलेली होती.

"ते दार बंद का?" बाईंनी विचारलं. खरंच सहज विचारलं.

"बिबट्याच्या भ्यानं, बाई. लई माजलाय मेला. त्या कडंनं ऊस हाय न्हवं, म्हनून कडी लावून ठिवतो."

"हो का," बाई म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

दुसरा घोट घेता आला नाही. ज्ञानेश्वरीचं पोर कडेवरून उतरून अंगणात रांगत होतं. उसापासून वीस पावलांवर, एकटं. बिबट्याच्या भीतीनं ज्या घरात दार बंद करतात, त्या घरात दोन दारं सताड उघडी होती आणि पोर मातीत खेळत होतं. आणि कडी! अहो, बिबट्यासाठी कडी लावायची तर माणूस आतून लावतो. आत बसतो आणि लावतो. बाहेरून लावायची कडी बिबट्याला अडवायला नसतेच.

सगळे उसाकडे बघतात. दाराकडे कोणीच बघत नाही.

बाईंनी कप खाली ठेवला. खुर्चीवरूनच त्यांना त्या खोलीची खिडकी दिसत होती, छोटी, गजांची. खिडकीखालच्या मातीत हिरवी काच चमकत होती. एक तुकडा नाही, दोन नाही, चांगला पसाभर काच. ज्ञानेश्वरीच्या हातातल्या बांगड्या लाल होत्या.

गोष्टीत कोणी स्वतःचं नाव घालू नये, असं वर्गात कोणी शिकवलं होतं? "स्वतःचं सांगायचं असेल तर दुसऱ्याच्या अंगावर घाला, म्हणजे मोकळं लिहिता येतं." बाईंनीच शिकवलं होतं. पोरगी शहाणी. सांगितलं तसं केलं तिनं.

त्या उठल्या. आवाज कसाबसा वर्गातला काढला. "गोजरबाई, हॉलटिकिटावर रुपालीची सही लागते. माझ्यासमोर."

"सांगितलं न्हवं, ती शिर्डीला..."

टोकाच्या खोलीत बांगडी वाजली. एकावर एक, दोनच बांगड्यांचा असतो तेवढा बारीक आवाज.

गोजरबाई चटकन येऊन दारापुढं आडवी उभी राहिली. ती वाईट बाई नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. घाबरलेली होती. "बाई, हात जोडते. आमच्या घरचं आमी बघू. तुमी हुशार मानसं, तुमचं जग येगळं. पोरगी एकदा पळून गेल्ती, मामाच्या घरी, निस्ती शिकायचं म्हनून. भावकीनं तोंडात शेण घातलं. तिचा बाप त्या दिसापासून मान खाली घालून हिंडतोय. आता पाव्हनं ठरलेत. मोडलं तर आमी कुठं जायाचं?"

"साखरपुडाच आहे ना? मग कोंडलंय कशाला?"

उत्तर दिलं ते ज्ञानेश्वरीनं, पोराला उचलून छातीशी धरत, खाली बघत.

"साखरपुडा न्हाई मॅडम. त्यातच लगीन लावनार हायेत."

आमच्याकडं ही एक पद्धत निघालीय, ठाऊक नसेल तर सांगतो. पत्रिका छापायची नाही, म्हणजे कागद नाही. साखरपुड्याला म्हणून पन्नास माणसं बोलवायची. साखर देऊन झाली, ओटी भरून झाली की भटजी मंगलाष्टकं सुरू करतो, पाहुण्यांच्या हातात अक्षता येतात, आणि तासाभरात पोरगी दुसऱ्याची. कोणी तक्रार करायच्या आत सगळं उरकलेलं. विचारलं तर म्हणायचं, योग जुळून आला. असा योग गावोगाव जुळतो आणि सगळ्यांना ठाऊक असतं.

"तू गप गं!" गोजरबाई सुनेवर ओरडली.

"मला बी असंच केलं हुतं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "वही मीच पाठवली." एवढं बोलून तिनं ओठ घट्ट मिटले, जणू वर्षभराचं बोलणं खर्चून टाकलं होतं.

आणि तेवढ्यात पाटाच्या बाजूनं मोटरसायकलचा आवाज आला.

"रविराज आला," गोजरबाई म्हणाली. रविराज म्हणजे रुपालीचा थोरला भाऊ. आईच्या आवाजात एकदम बळ आलं. "आता निघा बाई. उगं तमाशा नको. त्याचं डोकं लई तापट हाय."

खरं सांगायचं तर हेलन बाईंना निघावंसं वाटलं. लाजण्यासारखं काही नाही त्यात. एकट्या होत्या. ऊस चारी बाजूंनी होता, सूर्य कलला होता, आवाज जवळ येत होता. त्यांच्या मनात एक अगदी शहाणा विचार आला: आत्ता जावं, श्रीरामपूरला पोहोचावं, प्राचार्यांना सांगावं, रीतसर अर्ज करावा, उद्या अधिकाऱ्यांना घेऊन यावं. किती बरोबर विचार! पण बाई गेल्या की आज रात्रीच्या आत पोरीला दुसरीकडं हलवणार, हे त्यांना समोर दिसत होतं. उद्या इथं उघडी खोली असेल, झाडलेली, आणि खिडकीखालची काचही कोणीतरी वेचलेली असेल. आणि लाल पेननं लिहिलेले स्वतःचेच शब्द त्यांच्या छातीवर बसले होते. असं आयतं कोणी येत नसतं. दार उघडण्याआधी गोष्ट थांबव.

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या.

गोजरबाई हलली नाही. मग बाईंनी तिचा खांदा धरला, धक्का नाही दिला, नुसता धरला, आणि म्हणाल्या, "तिनं लिहून कळवलं होतं मला. मी मार्क दिले, गोजरबाई. मला जाऊ द्या हो." आणि त्यांना हुंदकाच फुटला. रडणारी मास्तरीण बघून गोजरबाईचा हात आपोआप सैल पडला.

खुंटी घट्ट बसली होती. बाईंनी दोन्ही हातांनी ओढली, बोट सोललं, मग निघाली. कडी खाली पडली. दार ढकललं.

आत खताच्या गोण्या, एक घोंगडी, पाण्याचा माठ. रुपाली भिंतीला टेकून बसली होती, उजेडानं डोळे मिचकावत. केस विस्कटलेले, ओठ सुकलेले. डाव्या हातात दोन हिरव्या बांगड्या. मनगटावर बारीक लाल ओरखडे.

ती बाईंकडं बघत राहिली. ओळखायला वेळ लागला का विश्वास बसायला, कोण जाणे.

"मॅडम," शेवटी ती म्हणाली, "मी सरळ लिहिणार हुते. पण दादा रोज वही बघायचा. म्हणून वहिनीचं नाव घातलं. तेव्हा रात्रीचीच कडी लावायचे, मागल्या मंगळवारपासून दिवसा बी. दादानं बी वाचली गोष्ट." तिनं हातातल्या दोन बांगड्या चाचपल्या. "म्हणाला, लई भारी लिव्हलंय."

भाऊ म्हणाला भारी, मॅडम म्हणाल्या उत्तम. कोणालाच काही दिसलं नव्हतं. त्या तिच्या समोर मटकन बसल्या आणि तिचे दोन्ही हात धरले. हात गार पडले होते.

"माझं चुकलं गं," त्या म्हणाल्या. "तुझा शेवट बरोबर होता."

अंगणात मोटरसायकल थांबली. नारळाचं पोतं आपटल्याचा आवाज आला. "कोन आलंय?" रविराजचा आवाज. "आई, दार का उघडं हाय?"

बाई उठल्या आणि उंबऱ्यावर जाऊन बसल्या. चांगल्या मांडी घालून, पाठ चौकटीला लावून. आता बाईंना उचलून टाकल्याशिवाय दार लागणार नव्हतं.

"उंबऱ्यावर बसू न्ये, बाई," गोजरबाई सवयीनं म्हणून गेली.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या, आणि मोबाईल काढला. मुलांच्या मदतीचा चार आकडी नंबर त्या दरवर्षी जूनमध्ये वर्गाच्या फळ्यावर लिहायच्या. आजवर स्वतः कधी लावला नव्हता. रविराज समोर येऊन उभा राहिला, उंच, घामाघूम, जबडा आवळलेला. "मॅडम, फोन ठिवा. घरचा मामला हाय." त्यानं हात पुढं केला. ज्ञानेश्वरी पोराला घेऊन त्याच्या आणि उंबऱ्याच्या मधे येऊन उभी राहिली. पोरानं बापाकडं झेप घेतली आणि रविराजला त्याला घ्यावंच लागलं. पोर कडेवर असताना कुणावर हात कसा उगारणार? तो तसाच उभा राहिला, पोर त्याच्या मिशा ओढत होतं.

फोन लागला. पलीकडे एक मुलगी बोलत होती, शांत आवाजात, एकेक विचारत. गाव कोणतं, वस्ती कोणती, मुलीचं वय काय, लग्न कधी. बाईंनी सगळं सांगितलं. मग पलीकडून प्रश्न आला, "मॅडम, तुम्ही स्वतः पाहिलंय की कोणाकडून ऐकलंय?"

बाईंनी मागं वळून पाहिलं. रुपाली बाईंनी दिलेलं हॉलटिकीट गोणीवर ठेवून सही करत होती. घरात काय चाललंय, अंगणात कोण आहे, याचं तिला भानच नव्हतं. पेन घट्ट धरून ती एकेक अक्षर काढत होती, आणि दोन बांगड्या कागदावर वाजत होत्या.

"तिनं लिहून दिलं होतं," हेलन बाई म्हणाल्या. "मी दहा दिवस उशिरा वाचलं. तुम्ही लवकर या, मी दारातच बसलेय."